जिनिव्हात साखर मोजली, पाणी कुणी मोजले?

14 डिसेंबर 2021 रोजी जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने ऊस आणि साखरेच्या तंट्यात भारताविरुद्ध निकाल दिला. तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांची होती. 2014-15 ते 2018-19 या पाच हंगामांत भारताने ऊसउत्पादकाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडून गेला आणि साखर बाहेर पाठवण्यासाठी दिलेली अनुदाने नियमबाह्य आहेत, असे पॅनेलने म्हटले. निर्यात अनुदाने 120 दिवसांत मागे घ्या, अशी शिफारस केली. भारताने जानेवारी 2022 मध्ये अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर 2019 पासून बंद आहे, कारण त्यावरच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या. म्हणून तो निकाल आजही अधांतरी आहे.

निकाल आला तेव्हा अथणी, रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी, गोकाक या पट्ट्यात गळीत हंगाम ऐन भरात होता. कर्नाटकातले सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या बेळगाव जिल्ह्यात आहेत. त्यामुळे जिनिव्हात काय ठरले याचा संबंध आपल्या फडाशी इतर कुणाहूनही जास्त आहे. तरीही आपल्याकडे त्यावर बोलणे झाले ते फक्त दराच्या अंगाने. उसाला भाव देणे हा गुन्हा आहे का, हा शेतकऱ्याचा सवाल रास्तच होता. आधाराचा हिशेब 1986-88 या जुन्या वर्षांच्या संदर्भ किमतीशी तुलना करून होतो. आज कुठल्याही शेतकऱ्याला ती तुलना हास्यास्पद वाटेल, आणि ती आहेच.

पण या सगळ्या वादात साखरेमागच्या पाण्याबद्दल कुणीच विचारले नाही, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते. तक्रारदारांना त्याचे देणेघेणे नव्हते, कारण त्यांचा प्रश्न बाजारातल्या वाट्याचा होता. भारतानेही पाण्याचा प्रश्न काढला नाही, कारण आपलीच बाजू लंगडी पडली असती. आणि कृष्णा-घटप्रभेच्या काठावरून तो विचारायला हवा होता, तर आपणही गप्प राहिलो.

आकडे काही फार गुंतागुंतीचे नाहीत. एक किलो साखरेसाठी 1,500 ते 2,000 लिटर पाणी लागते, असे नीति आयोगाच्या ऊस आणि साखर उद्योगावरच्या कार्यगटाने मांडले आहे. 2021-22 च्या हंगामात भारताने सुमारे 110 लाख टन साखर निर्यात केली, तो विक्रम होता. खालचा आकडा धरला तरी या साखरेमागे साधारण 16.5 अब्ज घनमीटर पाणी गेले. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचे तर 580 टीएमसीच्या पुढे. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाची साठवण 51 टीएमसी आहे. म्हणजे देशाने त्या एका वर्षात अकरा हिडकल भरतील इतके पाणी पोत्यांत घालून परदेशी पाठवले. त्यातले पावसाचे पाणी वेगळे काढले तरी उरलेला आकडा झोप उडवणारा आहे. आणि त्याच्या आदल्या, 2020-21 च्या हंगामात साखर निर्यातीसाठी केंद्राने 3,500 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले होते. सरकारने आपल्याच पाण्याच्या निर्यातीला पदरचे पैसे दिले, असा याचा सरळ अर्थ होतो.

कागवाड, उगार, शिरगुप्पी या भागातून एकदा फिरून यावे. क्षारपड झालेल्या जमिनी रस्त्यावरून दिसतात. वर पांढरी खपली, खाली चिबड. चार पिढ्यांनी कसलेली काळी जमीन पाटपाण्याच्या आणि खोडव्यावर खोडवा घेण्याच्या सवयीने मेली. तिथल्या शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. ज्या पिकाला खात्रीचा दर आहे, खात्रीचे गिऱ्हाईक आहे आणि कर्जही ज्याच्यावरच मिळते, ते पीक माणूस लावणारच. 2025 च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला 3,500 रुपयांसाठी रस्त्यावर बसले, ते उगीच नव्हे. खताचा, तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यांना भरावा लागतो. मात्र दर वाढवून मिळाला म्हणून जमिनीतले मीठ कमी होत नाही, हेही त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही.

इथे व्यापाराच्या नियमांतली एक तरतूद आपण वाचायलाच हवी. व्यापार संघटनेच्या शेतीकराराच्या दुसऱ्या परिशिष्टात पर्यावरण कार्यक्रमाखाली शेतकऱ्याला द्यायच्या पैशाला वेगळी जागा दिली आहे. सरकारने पर्यावरणासाठी एखादी अट घातली आणि ती पाळताना शेतकऱ्याचा खर्च वाढला किंवा उत्पन्न घटले, तर तेवढी भरपाई देता येते. ती 10 टक्क्यांच्या मर्यादेत धरली जात नाही आणि तिच्यावर ब्राझीललाही बोट ठेवता येत नाही. खोडवा मोडून एक हंगाम हरभरा किंवा ताग घेणाऱ्याला, पाटपाणी सोडून ठिबकवर येणाऱ्याला, क्षारपड रानात सच्छिद्र पाइप निचरा करून घेणाऱ्याला सरकारने वाढलेला खर्च किंवा घटलेले उत्पन्न पुरते भरून द्यावे. जिनिव्हात ते कायदेशीर आहे. निर्यात अनुदान बेकायदेशीर ठरले म्हणून शेतकऱ्याचा हात सोडायची गरज नाही, फक्त तो धरायचा कशासाठी हे बदलायचे आहे. आपले पुढारी मात्र जिनिव्हाचे नाव निघाले की एक तर मुठी आवळतात नाहीतर हात वर करतात. ते परिशिष्ट उघडून पाहायची तसदी कुणी घेत नाही.

व्यापार आणि पर्यावरण यांचे नाते ज्या कलमावर उभे आहे ते 1947 च्या गॅट या जागतिक व्यापार करारातले विसावे कलम. भारत त्या कराराच्या 23 मूळ सदस्यांपैकी एक. मालाला मोकळी वाट द्या, भेदभाव करू नका, हा कराराचा गाभा. पण माणसे, प्राणी, वनस्पती यांच्या जिवाचे रक्षण आणि संपत जाणाऱ्या नैसर्गिक संपत्तीचे जतन यासाठी अपवाद करता येईल, असे विसावे कलम सांगते. त्यातल्या 'जी' (g) उपकलमाला एक अट आहे. संपत्ती जपण्यासाठी सीमेवर बंधन घालायचे असेल तर तसेच बंधन आपल्या घरच्या उत्पादनावर किंवा वापरावरही असले पाहिजे. चीनने दुर्मिळ खनिजांची निर्यात पर्यावरणाचे कारण देऊन रोखली आणि 2014 मध्ये तो खटला हरला. घरच्या कारखान्यांना मोकळे रान आणि परक्याला मात्र बांध, हे त्या कलमात बसत नाही.

मी या अटीच्या बाजूने उभा आहे. माझे सगळे म्हणणे तिच्यातच आले: दुसऱ्याकडून मागायचे ते आधी आपल्या दारात करून दाखवा. ही अट युरोप-अमेरिकेला जितकी लागू तितकीच दिल्लीला, बंगळुरूला आणि मुंबईला.

अमेरिकेला ती कशी लागली ते पाहायला कारवारपर्यंत जावे लागेल. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह' ही घोषणा आपण लहानपणापासून देत आलो, पण त्यातल्या कारवारच्या मच्छीमाराचा प्रश्न आपल्या सभांत क्वचितच निघतो. कोळंबीच्या जाळ्यात समुद्री कासवे सापडून मरतात. ती सुटावीत म्हणून जाळ्याला बसवायची एक जाळीदार चौकट असते, कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारी. ज्यांच्या ट्रॉलरना ती नाही त्यांची कोळंबी आम्ही घेणार नाही, असे अमेरिकेने ठरवले. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड मिळून भांडले, आणि 1998 मध्ये अपील मंडळाने जो निकाल दिला तो आजही या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मानला जातो.

भारत जिंकला, असे तेव्हा सांगितले गेले. खरे तर जिंकले दोघेही. मंडळाने म्हटले की कासव ही संपत जाणारी नैसर्गिक संपत्ती आहे आणि तिच्यासाठी आयातीवर अट घालता येते. पण अमेरिकेने आपल्या शेजारच्या देशांशी बसून करार केला, त्यांना जास्त मुदत दिली, आणि आशियातल्या चार देशांपुढे मात्र तयार कागद टाकला. हा भेदभाव नियमाला धरून नाही. अमेरिकेने मग वागणूक सुधारली, बोलणी सुरू केली, आणि 2001 मध्ये मलेशियाने पुन्हा तक्रार केली तेव्हा मंडळाने अमेरिकेची बाजू उचलून धरली.

आपण या निकालातून काय घेतले? आपण फक्त विजय साजरा केला. कासवाची चौकट मात्र बसवली नाही. शेवटी 2019 पासून अमेरिकेने भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ही बंदी नाही, म्हणून देशाच्या निर्यातीच्या आकड्यांत हे फारसे जाणवले नाही. ज्यांच्याकडे तळी नाहीत, फक्त समुद्र आहे, त्या किनाऱ्यावर ते जाणवले. वीस वर्षे हाताशी असताना आपल्याच संस्थांच्या मदतीने चौकट बसवून घेतली असती, तर कासवेही वाचली असती आणि गिऱ्हाईकही टिकले असते. निम्म्या निकालाकडे पाठ फिरवल्याची किंमत दिल्लीने नाही, मच्छीमाराने मोजली.

आता तोच प्रसंग आपल्या बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे आणि होनगा इथल्या फाउंड्रीवाल्यांच्या दारात आला आहे. युरोपीय संघाने सीमेवर कार्बनची किंमत वसूल करायचे ठरवले. 1 ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासून पैसे मोजायचे आहेत. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांना ही व्यवस्था लागू आहे. ओतकामातले काही प्रकार, उदाहरणार्थ नळजोड, यादीत आहेत. मोटारींचे पुष्कळसे सुटे भाग नाहीत. पण यादी वाढवण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने मांडला आहे, तेव्हा आज आपला माल सुटला म्हणून उद्याही सुटेल असे धरून चालू नये.

या व्यवस्थेवरचे आक्षेप मला मान्य आहेत. भारतातल्या माणसामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, युरोपात त्याच्या तिप्पट. गेल्या दोनशे वर्षांचा धूर कुणाचा, हे तर सांगायलाच नको. 1992 च्या रिओ परिषदेत सगळ्या देशांनी मिळून म्हटले होते की जबाबदारी सर्वांची असली तरी वाटा सारखा नाही, आणि दुसऱ्याच्या हद्दीतल्या पर्यावरणासाठी एकतर्फी कारवाई टाळावी. युरोपने वसूल केलेला पैसा युरोपच्याच तिजोरीत जातो. तो बेळगावची भट्टी बदलायला येत नाही. आणि विसाव्या कलमाची कसोटी लावली तर अजून एक गोष्ट पाहायला हवी: युरोपने आपल्या कारखान्यांना वर्षानुवर्षे कार्बन सोडायचे फुकट परवाने दिले, ते 2026 पासून टप्प्याटप्प्याने काढून 2034 मध्ये संपायचे आहेत. सीमेवरची वसुलीही त्याच चालीने वाढवायची, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ते तसेच पाळले जाते का, यावर आपल्या व्यापार खात्याने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे.

एवढे सगळे खरे असूनही 'हा गोऱ्यांचा डाव आहे' म्हणून थांबणे मला पटत नाही. डाव असेलही. पण कोकवर चालणाऱ्या कपोला भट्टीचा धूर ब्रुसेल्सला जात नाही. तो भट्टीवरच्या कामगाराच्या छातीत जातो आणि आसपासच्या वस्तीत उतरतो. लोखंड-पोलादाच्या बाबतीत युरोप सध्या कारखान्यातले थेट उत्सर्जनच मोजतो, विजेमागचे नाही. त्यामुळे कोक सोडून इंडक्शन भट्टीवर आलेल्या फाउंड्रीचा आकडा लगेच उतरतो, तिची वीज दगडी कोळशावरची असली तरीही. हवामानाच्या दृष्टीने हा हिशेब अपुराच आहे. पण निदान आपल्या गावातल्या हवेला त्याचा फायदा होऊ शकतो, आणि तो घ्यायला युरोपशी सहमत असण्याची गरज नाही.

खरी अडचण लहान फाउंड्रीवाल्याची आहे. वर्षाला 50 टनांहून कमी माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे, पण नियमित ओतकाम घेणाऱ्याला ती पुरत नाही. स्वतःच्या भट्टीचे उत्सर्जन मोजून, तपासून घेऊन कागद दिला नाही तर ठरीव आकडा लावला जातो, आणि तो सहसा अंगावर येतो. मोजणी म्हणजे यंत्र, माणूस, तपासनीस, इंग्रजी तक्ते. मोठा कारखाना सल्लागार नेमतो. तीस कामगारांच्या शेडचा मालक रात्री मुलाला संगणकावर बसवतो. सीमाभागातल्या माणसाला सरकारी परिपत्रक स्वतःच्या भाषेत मिळत नाही याची सवय आहे, म्हणून तो कुरकुरतही नाही. उद्योग खात्याने कोइमतूर, राजकोट, कोल्हापूर, बेळगाव या फाउंड्री गावांत सामाईक मोजणी केंद्रे उभारावीत आणि खर्च स्वतः सोसावा. ही मागणी व्यापार-उद्योग चेंबरच्या बैठकीत नुसती नोंदवून ठेवायची नाही, खासदारांच्या गळी उतरवायची आहे.

आणखी एक. निर्यातदाराने आपल्याच देशात कार्बनची किंमत भरली असेल, तर युरोप तेवढी वजा करून घेतो. म्हणजे कार्बनची वसुली इथे केली तर पैसा इथेच राहील. 2023 मध्ये भारताने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली, पण ती मोठ्या ऊर्जाखाऊ उद्योगांसाठी आहे. ती वाढवावी, आणि येणारा पैसा दिल्लीच्या सामान्य खात्यात न बुडवता भट्टी बदलणाऱ्याला, वापरलेली वाळू पुन्हा कामात आणणाऱ्याला द्यावा. नाहीतर तोच पैसा आपण ब्रुसेल्सला भरणार आहोत.

द्राक्षांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती माझ्या मते सगळ्यांत लाजिरवाणी आहे. युरोपने औषधांच्या अंशाबद्दल कडक मर्यादा घातल्यावर शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्राच्या अपेडा या संस्थेने निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि माल तपासण्याची ग्रेपनेट व्यवस्था उभी केली. 2010 मध्ये वाढरोधक क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, बागायतदार होरपळले, तपासणी आणखी कडक झाली. उत्तम व्यवस्था आहे. पण ती पेटी परदेशी जाणार असेल तरच. अथणीची द्राक्षे बेळगावच्या बाजारात येतात, इथली भाजी रोज पहाटे गोव्याला जाते, तिला कोण तपासतो? हॉलंडच्या मुलाच्या पोटात औषध जाऊ नये म्हणून आपण प्रयोगशाळा उभ्या केल्या. शहापूर-वडगावच्या मुलासाठी केल्या नाहीत.

हीच गोष्ट नदीची. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे आपल्याकडे येते. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी वरून महाराष्ट्रातून उतरतात. वर मळीमिश्रित पाणी सोडले की मासे खाली मरतात, आणि मग महाराष्ट्राचे प्रदूषण मंडळ कर्नाटकाकडे आणि कर्नाटकाचे महाराष्ट्राकडे पाहते. खालचे कारखाने तरी धुतल्या तांदळासारखे आहेत का? तेही आपल्या खालच्या गावांकडे तेच सोडतात. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे आणि राहील. पण निपाणीच्या आणि कागलच्या शेतकऱ्याचे पाणी एकच असताना त्या पाण्याची तपासणी एकत्र व्हायला कुठल्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही मंडळांनी सीमेवरच्या ठिकाणी एकाच दिवशी नमुने घ्यावेत, एकाच प्रयोगशाळेत द्यावेत, आणि आकडे मराठीत आणि कन्नडमध्ये ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत.

भारत जागतिक व्यापार संघटनेत वर्षानुवर्षे एकच भूमिका घेत आला आहे: पर्यावरण हा विषय इथे आणू नका, त्याला दुसऱ्या परिषदा आहेत. मासेमारीच्या अनुदानांवरचा करार 2022 मध्ये झाला, 15 सप्टेंबर 2025 रोजी लागू झाला, भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. लहान मच्छीमारासाठी जास्त मुदत मागणे बरोबरच आहे. पण दार लावून बसले की नियम बाहेरचे लोक लिहितात आणि आपल्याला तयार मिळतात. कोळंबीच्या खटल्यात जे घडले, कार्बनच्या बाबतीत जे घडते आहे, ते असेच. आत बसून मागण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे: सीमेवर वसूल झालेल्या कार्बनच्या पैशातला वाटा, लहान कारखान्यांना मोजणीची मदत, 1986-88 ची कालबाह्य संदर्भ किंमत बदलणे, आणि पाणी वाचवणाऱ्या शेतकऱ्याला मर्यादेबाहेर आधार देण्याचा स्पष्ट हक्क. पण समोरचा पहिला प्रश्न विचारणार, तुमच्या घरी काय चालले आहे. त्याला दाखवायला कृष्णेचे स्वच्छ पाणी हवे.

म्हणून येत्या हंगामाआधी जिल्हाधिकारी कारखानदार आणि शेतकरी संघटनांची जी बैठक घेतात, तिथे दराच्या मागणीबरोबर आणखी दोन कागद मागितले पाहिजेत. प्रत्येक कारखान्याच्या क्षेत्रातल्या उसाला किती पाणी लागले याचा तालुकावार हिशेब, आणि आसवनीच्या सांडपाण्याचे गेल्या हंगामातले तपासणी अहवाल. दर ठरेपर्यंत धुराडे पेटू द्यायचे नाही असा आग्रह आपण धरतो. हे दोन कागद टेबलावर येईपर्यंतही तोच आग्रह धरायला काय हरकत आहे?